गुरुवारच्या प्रश्नांची चौकशी

यातलं किती जसंच्या तसं घडलं आणि किती मी नंतर घरी बसून जुळवलं, याची खात्री मला देता येणार नाही. बायको म्हणते, तुम्ही एकच गोष्ट तीनदा सांगता आणि तिन्ही वेळा तुम्ही वेगळ्या जागी उभे असता. पीएच.डी.च्या वेळी माझ्या मार्गदर्शकांनीही साधारण हेच म्हटलं होतं, फक्त इंग्रजीत. म्हणून आधीच सांगून ठेवतो: नावं बदललेली आहेत, बोलणं बहुतेक तसंच आहे, क्रम मात्र माझा.

कॉलेजात किस्से साचतात कसे, हे मला कधी कळलं नाही. कोणी मुद्दाम जमवत नाही. जुन्या उत्तरपत्रिकांसारखे ते कपाटात आपोआप वाढत जातात आणि एक दिवस दार उघडलं की अंगावर येतात. आमच्या सौंसरच्या कॉलेजातल्या वाणिज्य विभागाचं कपाट तर लहानच होतं. विभागात माणसं दोन. लेखाशास्त्र शिकवणारा मी आणि सांख्यिकी शिकवणारे कळंबे सर. ते गावातलेच, मी पांढुर्ण्याहून बसनं यायचो, आणि तिकीट पडलं की काय म्हणून वाटेत तीनदा खिसा चाचपायचो. हे सगळं माझ्या निवृत्तीआधीच्या दोन-तीन वर्षांतलं. आमचा हा भाग मध्य प्रदेशात, आणि पांढुर्णा तेव्हा जिल्हा झाला नव्हता.

* * *

वरून पत्र आलं की बी.कॉम.च्या मुलांनी वाणिज्याबाहेरचा एक विषय शिकलाच पाहिजे. सोबत यादी होती. सेंद्रिय शेती, संगीत, पर्यटन, औषधी वनस्पती, असं बरंच काही.

प्राचार्य मॅडमनी मीटिंग घेतली. पहिलं नाव शेतीचं निघालं. कळंबे सर म्हणाले, “कापसाच्या अन् संत्र्याच्या घरच्या पोरायले आपण शेती शिकवाव? तेच आपल्याले शिकवतीन.” शेती गेली. संगीतासाठी हार्मोनियम काढली, तर तिच्यात उंदराची पिल्लं निघाली. संगीतही गेलं. पर्यटनाला न्यायला वाहन नव्हतं. असं करत करत यादीच्या तळाशी आलो. तिथं ‘परिसर आणि व्यवसाय’ असं काहीतरी लिहिलेलं होतं. त्याला प्रयोगशाळा लागत नव्हती, वाहन लागत नव्हतं, आणि तो काय विषय आहे हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे विरोधही कोणाचा नव्हता. एकमतानं ठरला.

त्या विषयासाठी ढोके मॅडम आल्या, अतिथी विद्वान म्हणून. अतिथी विद्वान म्हणजे दरवर्षी नव्यानं बोलावला जाणारा शिक्षक. दोन्ही शब्द मानाचे. पण वर्ष संपलं की अतिथीही जातो आणि विद्वानही.

* * *

ढोके मॅडम लोधीखेड्याच्या. आधी मराठीत एम.ए., मग एम.कॉम. वय पस्तिशीच्या आसपास. याआधी दुसऱ्या एका कॉलेजात पाच वर्षं होत्या. तिथं कायमचा माणूस आला आणि या ‘फॉलन आऊट’ झाल्या. आमच्याकडे या शब्दाला प्रतिशब्द शोधायच्या भानगडीत कोणी पडत नाही. ज्याच्यावर ती वेळ येते, त्याला तो इंग्रजीतच नीट कळतो. घरी सासू, शाळेत जाणारी मुलगी. नवरा नागपूरला, त्याला काम कधी असे, कधी नसे. घर बाईंच्या नेमणुकीवर चाले आणि नेमणूक या एका विषयावर.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, पुस्तक कोणतं लावणार?

“पुस्तक नाही, सर.”

“मग मुलं वाचणार काय?”

त्यांनी सांगितलं ते असं. दर गुरुवारी दुपारी प्रत्येक मुलगा किंवा मुलगी गावातल्या एका काम करणाऱ्या माणसाजवळ जाऊन बसणार. शिंपी असो, व्यापारी असो. वर्षभर तोच माणूस. बसायचं, पाहायचं, मध्ये लुडबुड करायची नाही. शेवटी एक प्रश्न लिहून आणायचा. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर त्या माणसालाही देता आलं नाही.

“आणि गुण कशाला?”

“प्रश्नाला, सर.”

मी तेहतीस वर्षं उत्तरांना गुण दिलेले. परतीच्या बसमध्ये विचार करत बसलो. ही बाई एक तर फार हुशार असावी, नाही तर हिला पेपर तपासायचा कंटाळा असावा. दोन्ही शक्यता मला सारख्याच धोक्याच्या वाटल्या.

* * *

पहिलं वर्ष निभावलं. दुसऱ्या वर्षी एका पालकाची लेखी तक्रार आली. पोराला बी.कॉम.ला घातलं तर ते दर गुरुवारी शिंप्याच्या दुकानात बसतं. शिलाईच शिकायची होती तर याचा मामा काय मेला होता? आणि खाली, वेगळ्या शाईत, एक ओळ जोडलेली: ‘प्रश्न मुलांचे नसतात, मॅडमच लिहून देतात असे ऐकिवात आहे.’

विद्यापीठाची समिती दोन महिन्यांवर आली होती. प्राचार्य मॅडम छिंदवाड्याच्या, हिंदीत बोलायच्या. त्यांनी मला खोलीत बोलावलं, चहा दिला, आणि एकसदस्यीय चौकशी समिती माझीच नेमली. मी म्हणालो, मीच का? कळंबे सर आहेत की.

त्या म्हणाल्या, “आप सब पर बराबर शक करते हैं सर, इसलिए आप ही ठीक रहेंगे.”

मी ते कौतुक समजलो. घरी सांगितल्यावर बायकोनं तो समज दुरुस्त केला.

अहवाल बरा गेला तर विषय राहणार, विषय राहिला तर ढोके मॅडम राहणार. एवढं सरळ होतं. कळंबे सरांनी ते आणखी सरळ केलं. “म्हणजे तुमच्या पेनात बाईचं वर्ष हाय सर. टोपण लावून ठेवत जा.”

* * *

पहिली चौकशी तक्रारवाल्या पोराचीच. नीलेश त्याचं नाव. बस स्टँडमागच्या एका टेलरकडे बसायचा. त्याचा प्रश्न असा होता: ‘काका, तुम्ही सगळ्यांच्या मापाचा आकडा मोठ्यानं सांगता. मग काही जणांच्या कमरेचा आकडा हळूच का सांगता?’

टेलरनं म्हणे खूप विचार केला आणि आपण असं करतो हेच आपल्याला माहीत नव्हतं, असं कबूल केलं.

मला हे पटलं नाही. तीस वर्षं माप घेणाऱ्या माणसाला स्वतःचा आवाज ठाऊक नसेल? हा प्रश्न पोराचा नव्हे, एम.ए. मराठी झालेल्या माणसाचा, असं माझं अनुमान. खात्री करायची तर चोरून करायला हवी. मी कापड घेतलं आणि पँट शिवायच्या निमित्तानं त्याच्याकडे गेलो.

टेलर माप घेऊ लागला. त्याचा माणूस वहीत लिहीत होता. “लांबी एकोणचाळीस,” टेलर खणखणीत आवाजात म्हणाला. “मांडी चोवीस,” तोच आवाज. मग टेप कमरेला आली. तो वाकला, वही धरलेल्या माणसाच्या कानाशी गेला आणि कुजबुजला.

नीलेशचा प्रश्न खरा होता. मी तोवर स्वतःला सडपातळ समजत होतो.

* * *

पुढचा पुरावा मात्र पक्का वाटला. गुरुवारचं हजेरी रजिस्टर. त्यात मुलांनी जाण्याआधी सही करायची असे. मी पानं चाळली आणि चष्मा पुसून पुन्हा चाळली. सगळ्या सह्या, सगळे गुरुवार, हिरव्या शाईत! तीस मुलं, आणि तिसांच्याही खिशात हिरवं पेन? एकाच माणसानं एका बैठकीत सगळं उरकलं होतं, हे उघड होतं.

मी रजिस्टर पिशवीत घालून पांढुर्ण्याला नेलं. दोन दिवस भिंगानं अक्षरं ताडून पाहिली. ‘प’ची वळणं वेगळी होती, पण लबाड माणूस वळणं बदलतोच. तिसऱ्या दिवशी ढोके मॅडमना विचारलं. जरा कडकच विचारलं असेन.

त्यांनी टेबलाच्या पायाकडे बोट केलं. तिथं सुतळीनं बांधलेलं हिरवं पेन लोंबत होतं.

“निळं ठेवलं तर मुलं नेतात, सर. हिरवं कोणी नेत नाही. घरी कोणाच्या कामाचं नसते.”

मी रजिस्टर परत ठेवण्याआधी उघडलं. शेवटच्या पानावर, तिसांच्या खाली, गेल्या महिन्यात ‘तपासले’ असं लिहून केलेली माझी सही होती. हिरवी.

* * *

पौर्णिमाचा किस्सा कळंबे सर अजून मला ऐकवतात, जणू तो मला माहीतच नाही.

पौर्णिमाच्या वडलांची सौंसरजवळ संत्र्याची बाग. ती गुरुवारी बसायची एका संत्रा व्यापाऱ्याजवळ. आमच्याकडे संत्र्याची बाग झाडावर फळ असतानाच विकली जाते. व्यापारी बागेतून फिरतो, दहावीस झाडं खालून-वरून पाहतो, माल किती निघेल ते मनात धरतो आणि बोली करतो. काय धरलं ते कोणाला सांगत नाही. सगळा धंदा त्या न सांगण्यावर.

आता बघा. बाग विकणाऱ्याची मुलगी बाग घेणाऱ्याजवळ दर गुरुवारी बसते! यात अभ्यास कुठला? बापानं हेर पाठवला, आणि कॉलेजनं त्यावर शिक्का मारला. हे मी टिपणवहीत लाल शाईत लिहिलं आणि व्यापाऱ्याला भेटायला गेलो. तो एका बागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोटारसायकलवर बसून पान खात होता. मी आडवळणानं विषयाकडे येत होतो, तर तोच म्हणाला, “बापानं पाठवली म्हणून विचारून राहिले न जी? मले पयल्याच दिवशी समजलं होतं.”

“मग तिला बसू कसं दिलंत?”

“बापानं जे ऐकाव असं मले वाटे, तेच मी तिले सांगत होतो.”

म्हणजे हेर त्यानं उलट फिरवला होता. मी मनातल्या मनात अहवालाचं वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात तो पान थुंकून म्हणाला, “पण सर, पोट्टी लय तिखट. एक दिवस झाडाखाली उभी राहून मले विचारते, काका, तुमी मले जे सांगता ते माह्यासाठी सांगता का माह्या बाबासाठी?”

“मग?”

“मग काय. उत्तर देलं असतं तरी फसलो असतो, नसतं देलं तरी फसलो. गप राह्यलो.”

हाच प्रश्न तिनं कागदावर लिहिला होता. ढोके मॅडमनी दहापैकी नऊ दिले होते. मी विचारलं, एक कशाचा कापला?

म्हणाल्या, “तिनं तो बापालाही विचारायला पाहिजे होता.”

* * *

एव्हाना हा रोग माझ्या वर्गात पसरला होता.

भागीदारीचा धडा चालू होता. आमच्या पुस्तकातल्या गणितांत अ, ब आणि क हे तीन भागीदार असतात, आणि शिक्षकाच्या सोयीनं त्यांच्यातला एखादा मरतो. मी फळ्यावर लिहिलं: ‘ब हा मरण पावला.’ आणि पुढे त्याचा वाटा काढायला सुरुवात केली.

मागच्या बाकावरून नीलेशचा हात वर. “सर, ब मेला अन् अ, क लगेच त्याचा वाटा काढायले बसले. तेराव्याले गेले का नाही ते?”

वर्ग हसला. मी म्हणालो, हे अभ्यासक्रमात नाही. मग फळ्याकडे वळलो आणि मला पुढची पायरी आठवेना. चौतीस वर्षांत किती ब मारले असतील मी! एकाच्याही घरी कोण आहे, हे मनात आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी बसमध्ये मला वाटलं, अहवाल चांगला लिहावा. मग वाटलं, असं वाटणं हाच तर पक्षपात. चौकशी करणाऱ्याला आरोपी आवडायला लागला की त्यानं दुप्पट कडक व्हायला हवं. मी दुप्पट कडक झालो.

* * *

मी दोन्ही वर्षांचे सगळे प्रश्नकागद मागवले. ढोके मॅडमनी गठ्ठा लगेच दिला, नीट लावून. तो इतका नीट लावलेला होता की त्याचाही मला संशय आला.

एका रविवारी ते कागद पलंगावर पसरून वाचत बसलो. बायको म्हणाली, आता लोकांच्या पोरांचे प्रश्न, अन् माझ्या गॅस सिलिंडरचा प्रश्न कोण पाहणार? मी हो हो म्हणालो. आणि मग दोन कागद हातात आले.

एक गेल्या वर्षीचा, अंकुश नावाच्या मुलाचा. एक या वर्षीचा, रोशनीचा. दोघंही शामराव नावाच्या माणसाजवळ बसले होते. शामरावची ऑटो आहे आणि ऑटोवर भोंगा. साड्यांचा सेल, नळाला पाणी येणार नाही, आठवडी बाजाराची जागा बदलली, आणि कोणी वारलं तर कोण, कधी, कोणत्या स्मशानघाटावर, हे सगळं तो गावभर फिरून सांगतो. सौंसरात माणूस गेला की आधी डॉक्टर येतो, मग शामराव.

दोन्ही कागदांवरचा प्रश्न हा: ‘भाऊ, तुम्ही साऱ्या गावाची खबर देता. तुमची खबर कोण देईन?’

शब्द न शब्द तोच. खाली दोघांनीही लिहिलं होतं, ‘भाऊ काही बोलले नाहीत.’

दोन वेगळी मुलं, दोन वेगळी वर्षं, एक वाक्य. मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला. इतके दिवस मी हिरवी पेनं आणि कमरेची मापं तपासत होतो. आता हातात काहीतरी होतं.

अंकुश नोकरीला पुण्याला गेला होता. फोनवर म्हणाला, आठवत नाही, सर. रोशनीला बोलावलं. विचारलं, हा प्रश्न तुझा का? तिनं खाली पाहिलं, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाली, “हाव सर.” पोरगी खोटं बोलत होती. चौतीस वर्षं परीक्षा हॉलमध्ये उभा राहिलेला माणूस तेवढं ओळखतो. ती कोणाला तरी सांभाळत होती, आणि सांभाळण्यासारखं माणूस एकच होतं.

मी ढोके मॅडमसमोर दोन्ही कागद ठेवले. त्यांनी एक वाचला, दुसरा वाचला, पुन्हा पहिला वाचला. माझ्या लक्षात आलं, की दोन्ही सारखे आहेत हे त्यांनी आजवर पाहिलंच नव्हतं. किंवा तसं दाखवत होत्या. मला तेव्हा दुसरं वाटलं.

“मी सांगितलेला नाही, सर.”

“मग दोघांना एकच कसा सुचला?”

“माहीत नाही.” कागद परत माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, “तुम्ही टेलरकडे गेले, बागेत गेले. शामरावभाऊकडेही एकदा जाऊन या न जी.”

मी जातो म्हणालो.

गेलो नाही. समितीची तारीख जवळ होती, हे एक कारण. पुरावा हातात असताना आणखी कशाला, हे दुसरं. तिसरं कोणाला सांगितलं नव्हतं. त्याची ऑटो बस स्टँडवर उभी असायची, मी रोज तिच्याजवळून जायचो. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला त्या भोंग्यासमोर उभं राहून चौकशी करणं बरं वाटत नव्हतं. त्यानं आपल्याकडे नीट पाहू नये, असं वाटायचं.

अहवाल पाच पानांचा झाला. साडेचार पानं चांगलीच होती. टेलर, व्यापारी, रजिस्टर, सगळं प्रामाणिकपणे लिहिलं. पाचव्या पानावर एक वाक्य: ‘दोन भिन्न वर्षांतील दोन विद्यार्थ्यांच्या कागदांवर एकच प्रश्न शब्दशः आढळला, त्याचे समाधानकारक स्पष्टीकरण मिळाले नाही.’ त्यात खोटं काही नव्हतं. मी ते चार वेळा तपासलं.

प्राचार्य मॅडमनी बहुधा तेवढंच वाचलं. पुढच्या वर्षी त्या विषयाच्या जागी दुसरा आला. त्याला पुस्तक होतं आणि पुस्तकाच्या मागे उत्तरं होती. नेमणुकांच्या यादीत ढोके मॅडमचं नाव नव्हतं. कळंबे सर चहाला आठवडाभर एकटेच गेले.

ढोके मॅडम एकदा आल्या, पुस्तकं परत करायला. मुलांचे कागद मिळतील का म्हणाल्या. मी म्हणालो, मूळ प्रती अहवालाला जोडल्या आहेत. मग झेरॉक्स द्या म्हणाल्या. मी स्वतः जाऊन सगळ्या कागदांच्या झेरॉक्स काढून दिल्या. त्यांनी मोजल्या, पिशवीत घातल्या. दारातून म्हणाल्या, “रोशनीला रागवू नका, सर. ती चांगली आहे.”

हे वाक्यही मी बरेच दिवस उलटसुलट करून पाहिलं. त्यात कबुली आहे का ते शोधत होतो.

* * *

निवृत्त झाल्यावर सौंसरला जाणं कमी झालं. तीन वर्षांनी एका सकाळी जावं लागलं. माझे थोरले भाऊ तिथंच राहायचे, ते गेले. घरात सगळ्यांना काही ना काही काम वाटून दिलं होतं. पुतण्या म्हणाला, काका, तुम्ही शिकलेले, तुम्ही शामरावभाऊले मजकूर लिहून द्या.

मी अर्धं पान लिहून घेऊन गेलो. ऑटो बस स्टँडवर तिथंच उभी होती. शामरावनं चष्मा लावून मजकूर वाचला. ‘अत्यंत दुःखाने कळविण्यात येते की’ यावर रेघ मारली. ‘मनमिळाऊ व सर्वांच्या परिचयाचे’ यावर मारली. म्हणाला, “येवढं लंबं नाही चालत सर. गाडी पुढं जात राहते. माणूस दारात येते तवा नाव कानावर पडलं पाह्यजे. मंग टाइम, मंग घाट. बस.” भावाचं आयुष्य दीड ओळीत बसलं.

तो ते तोंडातल्या तोंडात म्हणून पाहत होता. मी तिथंच उभा होतो. कसं विचारलं ते आता आठवत नाही, पण विचारलं. कॉलेजची दोन मुलं तुमच्याकडे बसायची, त्यांनी एक प्रश्न लिहिला होता, तो त्यांना कोणी सांगितला?

“मीच,” शामराव म्हणाला.

“तुम्ही?”

“पयल्या साली तो अंकुश आला. लय दिवस बसला. मंग म्हणे, भाऊ, प्रश्नच सुचून नाही राह्यला. मी म्हटलं, हे लिही. दुसऱ्या साली ते पोट्टी आली, तिलेही तेच सांगतलं. अन् म्हटलं, बाईले सांगू नका बाप्पा मी सांगतलं म्हणून.”

“पण हाच प्रश्न का?”

त्यानं माइकवरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसली.

“मले वाटे, येवढं मोठं कॉलेज हाय, कोणी तरी उत्तर घेऊन येईन.” मग चष्मा काढून त्यानं माझ्याकडे पाहिलं. “कोणी आलं नाही सर. तुमीच पयले.”